पेंडल टेकडीचा धडा



आम्ही पडलो कामगार संघटनेची माणसे. धर्मशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही आज एका धर्मपंथाच्या टेकडीविषयी बोलावयाचे आहे, कारण तिच्यापाशी आमच्या कामाचा एक धडा आहे.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात पेंडल नावाची टेकडी आहे. उंची १,८२७ फूट. आपल्या सिंहगडाच्या निम्मीही नाही. १६५२ साली जॉर्ज फॉक्स नावाचा तरुण ती चढला. बाप विणकर, स्वतः त्याने जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केलेली. माथ्यावरून त्याला समुद्र दिसला, आणि मोठा जनसमुदाय एकत्र यावयाचा आहे, असा साक्षात्कार झाला. त्याच्या आत्मवृत्तात तसे नमूद आहे. क्वेकर पंथाचा आरंभ पुष्कळ लोक येथूनच धरतात.

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. फॉक्स खाली उतरला. कित्येक दिवस पोटात फारसे काही नव्हते. वाटेत झरा लागला, तेथे पाणी प्यायला आणि उत्तरेकडे सेडबर्गच्या बाजूस गेला. तेथे माणसे आधीच जमत होती! पाद्र्यांच्या धर्माने समाधान न झालेले हे लोक आपल्या बैठका आपणच भरवीत. त्यांना ‘शोधक’ म्हणत. जूनमध्ये फर्बँकच्या माळावर, प्रार्थनामंदिराबाहेर, फॉक्स सुमारे तीन तास बोलला. श्रोते हजारावर होते. त्याच सकाळी आत प्रवचन केलेले फ्रान्सिस हाउगिलही त्याला येऊन मिळाले.

म्हणजे पुढारी समुदाय निर्माण करीत नाही. विखुरलेली माणसे असतातच. त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी लागते. आणि गाठ टिकवावयाची तर पैसा लागतो. १६५४ मध्ये मार्गारेट फेल या बाईंच्या पुढाकाराने केंडल गावी निधी उभा राहिला. फिरत्या प्रचारकांचा खर्च आणि तुरुंगात पडलेल्यांना मदत त्यातून होई.

तुरुंग कशासाठी? त्या काळी तेथे थोराला ‘तुम्ही’ आणि गड्याला ‘तू’ म्हणत. क्वेकरांनी सर्वांनाच ‘तू’ म्हटले, न्यायाधीशापुढेही टोपी काढली नाही, आणि खरे बोलणाऱ्याला शपथ कशाला, म्हणून ती नाकारली. आमच्या गिरण्यांत जॉबर अरे-तुरे करी आणि कामगाराने त्याच्यापुढे मान खाली घालावी, हा रिवाज होता. तेव्हा एका शब्दाची किंमत किती, हे आम्हांला समजते. हाउगिल यांनी १६६४ मध्ये शपथ नाकारली. जप्ती आणि जन्मठेप झाली. १६६९ साली अ‍ॅपलबीच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला.

टेकडीवरून दूरचे दिसते, हे खरे. वर्गणी मात्र खाली उतरूनच गोळा करावी लागते.