सांडपाणी आणि खतावणी



महालाजवळून वाहणारी नाग नदी शहराचें सांडपाणी घेऊन पुढें कन्हानेस मिळते. असलें पाणी एखाद्या उद्योगास उपयोगी पडेल काय? पडलें आहे.

कोराडीच्या वीजकेंद्रांत ६६० मेगावॅटचे ३ संच आहेत. यंत्रांतील वाफ थंड करतांना तेथें रोज पुष्कळ पाणी हवेंत उडून जातें. तें सर्व पेंच धरणांतून घ्यावें, तर नागपूरची तहानही त्याच धरणावर भागते. म्हणून २००८ सालीं महानिर्मिती कंपनीनें महानगरपालिकेशीं करार केला. भांडेवाडीस रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारें केंद्र उभें राहिलें आणि तेथील पाणी कोराडीस जाऊं लागलें. हा दानधर्म नव्हे, व्यवहार आहे. पाण्यावांचून संच चालत नाहीं, म्हणून पाण्याचा विचार मूळ आराखड्यांतच आला.

परंतु अर्धा हिशेब हा हिशेब नव्हे. जुलै २०२२ मध्यें खसाळा येथील कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख आसपासच्या शेतांत शिरली. पाण्याप्रमाणें राखेचेंही खातें आरंभींच उघडावयास हवें. कंपनी जो खर्च आपल्या वहींत लिहीत नाहीं, तो शेजारच्या शेतकऱ्याच्या नांवें पडतो.