शिबिर घराजवळ, खर्च आटोक्यात



ओरिएंटीयरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन, नेमून दिलेल्या जागा क्रमाने शोधत धावण्याचा खेळ. स्वीडनमध्ये मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि तिथून तो तरुणांमध्ये पसरला. आज मला स्पर्धेबद्दल नाही, शिकवण्याबद्दल बोलायचं आहे.

ब्रिटनमध्ये या खेळाच्या काठिण्याच्या पाच पायऱ्या मानतात. पहिल्या तीन पायऱ्यांवर वाट, कुंपण, ओढा यांचा आधार घेत बरंचसं निभावतं. चौथ्या-पाचव्या पायरीवर वाट सोडून जमिनीचा चढउतार वाचत जावं लागतं. दमदार मुलंही इथेच अडतात. नुसतं जास्त पळून ही पायरी चढता येत नाही. ती कुणीतरी शिकवावी लागते. आणि शिकवणारी शिबिरं फक्त लांब, मुक्कामाची आणि महाग असतील, तर पैसेवाल्यांचीच मुलं पुढे जातील.

शिबिराचा मोठा खर्च कशावर होतो? प्रवास, राहणं आणि जेवण. हे तिन्ही वगळा. गावाजवळची एखादी टेकडी किंवा माळ घ्या. सकाळी यायचं, डबा घरून आणायचा, दुपारनंतर परत. आणखी एक फायदा सांगतो. मुक्काम नसला की मुलींना घरून परवानगी मिळणं सोपं जातं. मात्र स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून ठेवा.

खरी मेहनत नकाशाची. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. त्यात आपला खडक, आपली घळ दिसणार नाही. आपल्याला १:१०,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा हवा. ओपनओरिएंटीयरिंग मॅपर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण जागा पायी फिरूनच नोंदवावी लागते. एकदा केलेला नकाशा थोड्या दुरुस्त्या करून पुढची काही वर्षं चालतो. रंगांचा अर्थ पहिल्याच तासाला सांगा. पांढरा म्हणजे सहज पळता येईल असं रान, हिरवा म्हणजे दाट झाडी, पिवळा म्हणजे मोकळी जमीन. मुलं उलटं समजतात.

बाकी सामान साधं. ३० सेंटिमीटरचे नारिंगी-पांढरे कापडी निशाण घरी शिवता येतात. होकायंत्र दोघांत एक चालेल. शिट्टी मात्र प्रत्येकाकडे हवी.

आता सराव. पहिला, तारा. मध्ये एक कार्यकर्ता थांबतो. प्रत्येकाने एक निशाण शोधून परत यायचं आणि पुढचं घ्यायचं. सगळ्यांना वेगवेगळी निशाणं द्या, म्हणजे कुणी कुणाच्या मागे पळत नाही. मुलं सतत परत येत असल्यामुळे थोड्या माणसांत लक्ष राहतं. दुसरा, रेघ. नकाशावर काढलेल्या रेषेवरूनच चालायचं आणि वाटेत निशाण कुठे दिसलं ते नकाशावर खुणेने दाखवायचं. तिसरा, फक्त समोच्चरेषांचा नकाशा. वाटा, झाडी सगळं पुसलेलं. भूगोलाच्या पुस्तकातल्या त्या तपकिरी रेषा म्हणजे पायाखालचा चढ, हे इथे उमगतं.

प्रत्येक सरावानंतर मुलांनी आपण प्रत्यक्ष गेलेला मार्ग नकाशावर काढायचा. कुठे थांबलो, का चुकलो, हे त्यांनीच सांगायचं. वेळ मोजू नका. घड्याळ आलं की मुलं नकाशा सोडून शेजाऱ्याकडे पाहतात.

काही गोष्टींत काटकसर नको. जमीनमालकाची परवानगी घ्या, गावात कल्पना द्या, वनजमीन असेल तर वनविभागाला विचारा. पावसाळ्यानंतरचं उंच गवत ओसरू द्या, उन्हाळा टाळा. पाणी आणि प्रथमोपचार पेटी हाताशी ठेवा. जाताना आणि येताना डोकी मोजा. हरवल्यास कोणत्या दिशेने गेलं की रस्ता लागेल, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून म्हणवून घ्या.

वीस-बावीस मुलं, पाच-सहा कार्यकर्ते आणि दोन रविवार. सुरुवातीला एवढं पुरे. आज इथून उठताना प्रत्येक गटाने एक टेकडी निवडा आणि तिची परवानगी कोण आणणार, नकाशासाठी कोण फिरणार, ही दोन नावं ठरवा. तारीख त्यानंतर ठरवू.