तीन की आठ?

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा एआयवर दहा मिनिटं बोल." एआयवर बोलणारे हल्ली गल्लोगल्ली झालेत आणि जेवणाची वेळही जवळ आली आहे. म्हणून मी माझ्या बाबांच्या स्कूटरबद्दल बोलणार आहे. एआय त्यात ओघानं येईलच.

बाबांना तुमच्यापैकी पुष्कळ जण ओळखतात. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले, आता वय ७६. कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी हेल्मेट घालून जाणारा माणूस. शाळेत असताना तुम्ही त्यांना 'अंतराळवीर' म्हणायचात, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात या अंतराळवीराच्या मोबाइलवर मेसेज आला: विनाहेल्मेट वाहन चालवल्याबद्दल ई-चलान, दंड ५०० रुपये. ठिकाण होतं इथून शंभरावर किलोमीटर लांबच्या एका मोठ्या शहरातला चौक. बाबांची स्कूटर गेल्या सहा वर्षांत गावाची वेस ओलांडून गेलेली नाही. गेली तर ती पंक्चरच्या दुकानापर्यंत.

पहिली शंका मला वेगळीच आली. चलानाच्या नावाखाली खोटे मेसेज पाठवून मोबाइलमध्ये एपीके फाइल घालायला लावायची आणि बँकेचं खातं साफ करायचं, हा धंदा जोरात चालू आहे. तेव्हा एवढं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा: मेसेजमधल्या दुव्यावर बोट ठेवायचं नाही. सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडायचं, गाडीचा नंबर टाकायचा आणि तिथं चलान दिसतं का ते पाहायचं. मी पाहिलं. दिसलं. खरंच होतं.

बाबा म्हणाले, "भरून टाक. नावावर काही राहायला नको."

मी म्हटलं, "बाबा, भरलंत तरच नावावर राहील." कायद्याच्या भाषेत या दंडाला तडजोडीची रक्कम म्हणतात. तडजोड कशाची, तर गुन्ह्याची. म्हणजे तुम्ही पैसे देऊन 'मिटवलं' म्हणता, तेव्हा मिटवण्यासारखं काहीतरी होतं हे त्यातच आलं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ज्या १९४-ड कलमात हेल्मेटचा दंड आहे, त्यातच तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. बाबांना या वयात ती स्कूटर म्हणजे काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. वाचनालय, बँक, दोन मित्र आणि कोथिंबीर.

तरीही मी दोन दिवस ठरवलं नाही. माझा अर्धा दिवस पाचशे रुपयांहून महाग आहे, हे उघड होतं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, "काहीच करू नकोस, लोकअदालतीत कमी होतं, नाहीतर एखाद्या वर्षी सूट जाहीर होते." यात तथ्य आहे. तेलंगणानं मार्च २०२२मध्ये दुचाकींच्या थकीत चलानांवर ७५ टक्के सूट दिली होती, कर्नाटकनं फेब्रुवारी २०२३मध्ये निम्मी रक्कम माफ केली होती. पण सूट ही देणं लागणाऱ्याला असते. जे आपण केलंच नाही, त्याची पाव किंमत तरी का द्यायची? आणि गप्प बसलं की ते चलान गाडीवर थकीत राहतं, पुढे गाडी विकताना, नावावर करताना आडवं येतं.

मग मी चलानाबरोबरचा फोटो नीट मोठा करून पाहिला. बाबांना दाखवला. ते आतून भिंग घेऊन आले, मोबाइलच्या पडद्यावर भिंग धरून बसले.

फोटोत मागून दिसणारी मोटारसायकल होती. स्कूटर नव्हे, मोटारसायकल. त्यावर बोडक्या डोक्याचा एक तरुण. नंबर आपल्याच जिल्ह्याचा, मालिका तीच, पहिले तीन आकडेही तेच. शेवटचा आकडा बाबांच्या गाडीचा इंग्रजी आठ. त्या मोटारसायकलचा इंग्रजी तीन. पण प्लेट बसवणाऱ्या मेकॅनिकनं स्क्रू नेमका त्या तिनाच्या उघड्या तोंडावर मारला होता. पावसाळी उजेडात, लांबून, कॅमेऱ्याला तो आठ दिसला. मराठी ३ आणि ८ असते तर हा घोळ कधीच झाला नसता, पण नंबरप्लेट इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच लावायची असा नियम आहे.

आता एआय. नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा आधी फोटोत प्लेटचा चौकोन शोधते, तो सरळ करते, एकेक अक्षर वेगळं काढते आणि प्रत्येकाबद्दल अंदाज बांधते: हा आठ असण्याची शक्यता इतकी, तीन असण्याची इतकी. ज्याची शक्यता जास्त, ते अक्षर. यंत्राला वाचता येत नाही, ते अंदाज करतं. बहुतेक वेळा फार चांगला करतं. पण गणिताचे सर समोर बसलेत, म्हणून एक हिशेब मांडते. समजा, यंत्र एकेक अक्षर शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर ओळखतं. आपल्या नंबरात साधारण दहा अक्षरं-आकडे असतात. दहाच्या दहा बरोबर येण्याची शक्यता म्हणजे ०.९९चा दहावा घात, सुमारे ९० टक्के. म्हणजे नव्याण्णव मार्कांचं यंत्रसुद्धा दहातली एक प्लेट चुकवणार. सर, बरोबर ना?

अशा चुका जगभर होतात. चीनमधल्या निंगबो शहरात २०१८मध्ये कॅमेऱ्यानं सिग्नल मोडून रस्ता ओलांडणारी म्हणून एका प्रसिद्ध उद्योजिकेचा चेहरा मोठ्या पडद्यावर झळकवला. ती तिथं नव्हतीच, तिचा फोटो तेवढा होता, एका बसवरच्या जाहिरातीत. इंग्लंडमधल्या बाथ शहरात २०२१मध्ये एका बाईच्या टी-शर्टवर 'निटर' असा इंग्रजी शब्द होता. ती बसच्या मार्गिकेतून चालत गेली, कॅमेऱ्यानं तो शब्द नंबरप्लेट म्हणून वाचला आणि भलत्याच गाडीच्या मालकाला दंडाचं पत्र गेलं. दोन्हीकडे नंतर नोंद रद्द झाली, कारण कुणीतरी फोटो पुन्हा डोळ्यांनी पाहिला.

माझं रोजचं काम पेमेंटच्या सॉफ्टवेअरचं आहे. दोन बाजूंच्या नोंदी जुळतात का, ते पाहणारं. त्यामुळे मला राग आला तो तीनचा आठ झाला याचा नव्हे. वाचलेला नंबर नोंदणीत शोधला, तेव्हा तिथं 'स्कूटर' लिहिलेलं होतं आणि फोटोत मोटारसायकल होती. ही दोन खाती समोरासमोर धरायला एक ओळीची अट पुरते. ती कुणी लिहिली नव्हती, किंवा जिनं पाहायचं ती नजर त्या दिवशी थकली होती. आणि माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे: ज्या चुकीची तक्रार येत नाही, ती चूक कागदोपत्री नसतेच. बाबांसारख्या शंभर जणांनी 'नावावर नको' म्हणून पाचशे-पाचशे भरले, तर वर्षअखेरीच्या तक्त्यात ती शंभर यशस्वी चलानं म्हणून दिसतील.

तेव्हा ठरलं, तक्रार करायची.

नियम आपल्या बाजूनं आहे, तोही सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१मध्ये १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या चलानाबरोबर गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो हवा. तारीख, वेळ, ठिकाण हवं. कोणतं कलम मोडलं ते हवं. घटनेपासून ठरावीक मुदतीत सूचना पाठवायला हवी. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, तेही दरवर्षी नव्यानं. बहुतेक लोक रक्कम पाहतात आणि फोटो उघडतच नाहीत.

तक्रार लिहिताना मात्र आमचं बापलेकीचं वाजलं. मी लिहिलं होतं, 'सदर वाहन आमचे नाही.' बाबांना ते अपुरं वाटलं. म्हणाले, "शेवटचा आकडा तीन आहे, हेही लिही." मला ते बरं वाटेना. त्या पोराला चलान पोचवण्याचं काम माझं नव्हतं. बाबा म्हणाले, "नुसतं आमचं नाही म्हणालीस तर नोंद लोंबकळत राहते. एका खात्यातून काढायची तर दुसऱ्या खात्यात टाकावी लागते." चाळीस वर्षं लेखा विभागात काढलेल्या माणसापुढं मी काय बोलणार? लिहिलं. वर त्यांनी विचारलं, "त्याला आता मेसेज जाईल ना? बरं होईल. हेल्मेट घाल म्हणून कुणीतरी सांगायलाच हवं होतं त्याला."

तक्रारीबरोबर गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत, बाबांच्या स्कूटरचा मागून काढलेला फोटो आणि चलानाचा फोटो जोडला, स्क्रूभोवती लाल गोल करून. आठ दिवसांनी उत्तर आलं: 'चलान योग्य आहे.' कारण काही नाही. बाबा पुन्हा म्हणाले, भरून टाक. या वेळी आवाज जरा बारीक होता.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं त्या शहरातल्या वाहतूक कार्यालयात गेलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची फाइल काखेत, पेन्शनच्या कामाला जातात तसे. तासभर बाकावर बसलो. मग एका महिला हवालदारांनी फोटो मोठा केला, आमच्या स्कूटरचा फोटो शेजारी ठेवला आणि एका क्षणात म्हणाल्या, "काका, ही तर मोटारसायकल आहे हो." माझ्या दोन पानांच्या तक्रारीत जे होतं, ते एवढंच होतं. चार दिवसांनी चलान रद्द झाल्याचा मेसेज आला. बाबांनी त्याची छापील प्रत काढून फाइलला लावली.

आता कुणी म्हणेल, ही बाई प्रत्येक चलानाशी भांडत बसते. तसं नाही. दिवाळीत आमच्या घरी दुसरं चलान आलं, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचं, अतिवेगाचं, दोन हजारांचं. गाडी आमची, प्लेट स्वच्छ, मोजलेला वेग छापलेला, स्टिअरिंगवर आमचे हे. बाबांची विजयगाथा ऐकून त्यांनाही स्फुरण चढलं होतं. म्हणाले, "शंभरच्या मर्यादेत तिथं चालवतं कोण? आपणही तक्रार करू." मी फोटो उघडला. स्क्रू कुठंच नव्हता. संध्याकाळच्या आत भरायला लावलं.

जेवणानंतर मी डावीकडच्या कोपऱ्यात बसणार आहे. कुणाकडे अडलेलं चलान असेल तर फोटो मोठा करून आणा. बाबाही मागच्या रांगेत बसलेत, आणि भिंग त्यांच्या खिशात आहे.