आरोपीची स्वतःची वाणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लातुरास कापसातील सरकी काढण्याचा जो कारखाना निघाला, त्याच्या भागीदारांपैकी एक होते पुण्याचे बाळ गंगाधर टिळक. पुढे १९०८ साली हेच टिळक मुंबईच्या उच्च न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले आणि त्यांनी वकिलाच्या मुखाने नव्हे, तर स्वतःच्याच मुखाने आपला बचाव केला.

‘केसरी’तील लेखांबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप होता. लेख मराठीत, ज्यूरीपुढे मात्र त्यांचे इंग्रजी भाषांतर गेले. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली. मूळ शब्दाचा अर्थ भाषांतरात कोठे बिघडला, हे लेखकावाचून अधिक नेमके कोण सांगणार? पुढे त्यांनी सुमारे २१ तास भाषण केले. २२ जुलै रोजी ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. टिळकांनी तेथेच आपण निर्दोष असल्याचे सांगितले. ते उद्गार १९५६ साली त्याच न्यायालयात फलकावर कोरले गेले.

या प्रसंगावरून आरोपीने वकील करूच नये, असा बोध कोणी घेईल तर तो फसेल. टिळक कायद्याचे पदवीधर होते. कायद्याचा वर्गही त्यांनी चालविला होता. इतके असूनही बचावासाठी कागदपत्रे दाखल केल्यामुळे शेवटचे बोलण्याचा हक्क त्यांच्याकडून सरकारपक्षाकडे गेला. जाणत्याची ही अवस्था, तर अजाणाची काय होईल?

नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते व तेथे न्यायदरबारची भाषा उर्दू होती. केवळ मराठी जाणणाऱ्या शेतकऱ्याला आरोपपत्रच उमगत नसेल, तर ‘तुला काय सांगावयाचे आहे ते सांग’ या आज्ञेचा त्यास कितीसा उपयोग? बोलण्याची मुभा आणि बोलण्याचे सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी होत.

आजचा कायदा हा भेद ओळखतो. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे; पण हक्क म्हणजे सक्ती नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली फॅरेटा खटल्यात स्वतःचा बचाव स्वतः करण्याचा आरोपीचा हक्क मान्य केला. मात्र त्यातील धोके त्यास आधी समजावून दिले पाहिजेत, असेही बजावले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली, मुंबईवरील हल्ल्याच्या कसाब खटल्यात, वकिलाच्या व गरिबास सरकारी खर्चाने मिळणाऱ्या साहाय्याच्या हक्काची जाणीव आरोपीला करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले. आरोपीने समजून-उमजून, स्पष्ट शब्दांत नकार दिला, तरच वकिलावाचून खटला चालावा.

म्हणून नांदेडच्या किंवा लातूरच्या न्यायालयात एखादा आरोपी वकिलावाचून उभा दिसला, म्हणजे न्यायासनाने प्रथम एकच गोष्ट पाहावी : हा एकटा उभा आहे तो स्वेच्छेने, की निरुपायाने? पहिल्यास बोलू द्यावे, दुसऱ्यास वकील द्यावा. एकाची निवड आणि दुसऱ्याची असहायता यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.