वाडेकर मोठे की सरदेसाई?



चार माणसे जमली आणि क्रिकेटचा विषय निघाला, की दोन खेळाडू तराजूच्या दोन पारड्यांत घालून पाहण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. आमच्या ठाण्यात खोपटला एस्.टी.चे आगार आहे. गाडीची वाट पाहत उभे राहिलात तर हा वाद तुम्हांला हमखास ऐकायला मिळेल. गाडी येते, अर्धी मंडळी चढतात, वाद मात्र खालीच राहतो आणि पुढच्या गाडीची मंडळी तो उचलून धरतात! अशा वादांतून निष्पन्न काय होते, असे विचाराल तर बहुधा काहीच नाही. पण वाद कसा घालावा हे मात्र त्यातून शिकता येते, आणि ती गोष्ट शिक्षकांच्या उपयोगाची आहे.

म्हणून आज मी आपल्यापुढे दोन नावे ठेवणार आहे. अजित वाडेकर आणि दिलीप सरदेसाई. दोघांच्या वयांत जेमतेम आठ महिन्यांचे अंतर. सरदेसाईंचा जन्म ऑगस्ट १९४० मधला, गोव्यात मडगावचा. वाडेकरांचा १ एप्रिल १९४१ चा, मुंबईचा. दोघेही कॉलेजच्या मैदानावरून वर आले, दोघेही मुंबईकडून रणजी करंडकाचे सामने खेळले, आणि १९७१ साली दोघेही एकाच बोटीत बसले. ती बोट कोणती ते पुढे सांगतो.

आपल्याकडे विद्यापीठांच्या संघांसाठी रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ पासून सुरू झाली. एके काळी या स्पर्धेचा मान मोठा होता. तिथे धावा करणाऱ्या मुलाकडे निवड समितीची नजर जाई. सरदेसाई मडगावात वाढले तेव्हा गोव्यात पोर्तुगीज अंमल होता आणि क्रिकेटची म्हणावी तशी सोय नव्हती. १९५७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते मुंबईला आले. म्हणजे मुंबईची पोरे ज्या वयात मैदानावर मुरलेली असतात, त्या वयात यांचा खरा श्रीगणेशा. आणि १९५९-६० च्या विद्यापीठ स्पर्धेत त्यांनी ४३५ धावा केल्या, सरासरी ८७! पुढच्याच मोसमात पाकिस्तानचा संघ आला. पुण्याला विद्यापीठांच्या संघातून त्याच्याविरुद्ध खेळताना सरदेसाईंनी ८७ धावा केल्या. १९६१ साली ते कसोटी खेळाडू झाले. दोन वर्षांत कॉलेजच्या बाकावरून कसोटीत!

वाडेकरांची वाट लांबची. वडिलांची इच्छा अशी की मुलाने गणित करावे, इंजिनियर व्हावे. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बाळू गुप्ते यांनी त्यांना विचारले, की आमच्या संघात बारावा खेळाडू म्हणून येतोस का? दिवसाला तीन रुपये मिळतील. ही हकीगत वाडेकर स्वतःच पुढे हसत सांगत. बारावा खेळाडू म्हणजे पाणी नेणारा, बॅट बदलून देणारा, कोणी दुखावला तर त्याच्या जागी धावणारा. १९५८-५९ साली ते पहिल्या दर्जाचे क्रिकेट खेळू लागले, आणि कसोटीची टोपी डोक्यावर आली ती डिसेंबर १९६६ मध्ये. मधली आठ वर्षे धावांच्या राशी घालण्यात आणि वाट पाहण्यात गेली. १९६६-६७ च्या रणजी स्पर्धेत त्यांनी म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा केल्या. 

आता आकडे पाहू. ते एकदाच सांगतो, म्हणजे वादाला पाया राहील. कसोटीत वाडेकर ३७ सामने खेळले, २११३ धावा, सरासरी ३१.०७, शतक एकच. सरदेसाई ३० सामने, २००१ धावा, सरासरी ३९.२३, शतके पाच आणि त्यांतली दोन द्विशतके. झाले! सरदेसाई मोठे. पण थांबा. पहिल्या दर्जाच्या एकंदर क्रिकेटमध्ये वाडेकरांच्या धावा १५,३८० आणि सरासरी ४७.०३, सरदेसाईंच्या १०,२३० आणि सरासरी ४१.७५. म्हणजे पारडे फिरले. आणखी एक आकडा घ्या. कसोटीत वाडेकरांनी ४६ झेल घेतले, सरदेसाईंनी ४. एकच माणूस एका तक्त्यात वर आणि दुसऱ्यात खाली. आमच्या परीक्षेच्या गुणपत्रिकांचेही असेच असते; पण तो विषय आज नको.

आता त्या बोटीकडे वळू. १९७१ सालच्या जानेवारीत वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. पतौडींच्या जागी वाडेकर आले, ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. सरदेसाईंना तर १९६९ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका कसोटीनंतर वगळलेले होते. तिशी ओलांडलेला, लोकांनी जवळजवळ निकालात काढलेला हा खेळाडू. त्याला दौऱ्यावर घ्यावे असा आग्रह नव्या कर्णधाराने धरला. घेतल्यावरही पहिल्या कसोटीत जागा मिळाली ती विश्वनाथ जायबंदी झाला म्हणून.

ही पहिली कसोटी किंग्स्टनची. पहिला दिवस पावसात वाहून गेला. दुसऱ्या दिवशी आपला डाव सुरू झाला आणि ७५ धावांत ५ गडी बाद! सरदेसाई एका टोकाला उभे. दुसऱ्या टोकाला आला एकनाथ सोलकर, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. दोघांनी १३७ धावांची भागीदारी केली. त्यांत सोलकरच्या ६१. पुढे प्रसन्नाने नवव्या गड्यासाठी साथ दिली, १२२ धावांची भागी. त्यात प्रसन्नाच्या स्वतःच्या फक्त २५. सरदेसाईंच्या झाल्या २१२, संघाच्या ३८७. वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला. आपली आघाडी १७० ची.

इथे वाडेकरांची खरी ओळख पटते. पाच दिवसांच्या सामन्यात प्रतिपक्षाला लगेच पुन्हा खेळायला लावायचे, म्हणजे फॉलोऑन द्यायचा, तर २०० ची आघाडी लागते. १७० ने भागत नाही. पण पहिला दिवस वाया गेल्यामुळे सामना चार दिवसांचा झाला होता, आणि चार दिवसांच्या सामन्याला १५० ची आघाडी पुरते. हा नियम वाडेकरांच्या ध्यानात होता. ते सरळ प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत गेले आणि गॅरी सोबर्सना म्हणाले, तुम्ही पुन्हा फलंदाजीला या. सोबर्सना आधी ते खरेच वाटेना, असे सांगतात. सामना अनिर्णित राहिला. तरी ज्या वेस्ट इंडीजला आपण तोवर एकाही कसोटीत हरवलेले नव्हते, त्यांना आपण फॉलोऑन दिला, ही गोष्ट दोन्ही संघांच्या मनात घर करून बसली. धावपुस्तकात तिला जागा कुठे? कोणाच्याही नावापुढे एक धाव नाही, एक बळी नाही.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनची. सरदेसाई ११२. वाडेकर पहिल्या डावात शून्य. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात वाडेकरांनी सलीम दुराणींच्या हाती चेंडू दिला. दुराणींनी सोबर्सचा त्रिफळा उडवला, तोही शून्यावर, आणि लॉइडला झेलबाद केले. झेल घेतला वाडेकरांनी. आपण ७ गड्यांनी जिंकलो. पुढे ब्रिजटाऊनला ७० धावांत ६ गडी बाद असताना पुन्हा सरदेसाई आणि पुन्हा सोलकर! १८६ धावांची भागीदारी, सरदेसाई १५०. मालिकेत त्यांच्या ६४२ धावा झाल्या. मर्चंटांनी सरदेसाईंना भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचे मानकरी ठरवले. याच मालिकेत पदार्पण करणाऱ्या सुनील गावस्करने ७७४ धावा काढल्या, म्हणून लोकांना गावस्करच अधिक आठवतो. त्यात वावगे काही नाही.

आता मी आपल्याला जरा दुसऱ्याच खेळाकडे नेतो. बास्केटबॉल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला नसेल. मुंबईत नागपाड्याला त्याची जुनी परंपरा आहे; तिथल्या अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला होता. या खेळात प्रत्येकी पाच खेळाडू, आणि चेंडू उंचावरच्या टोपलीत टाकायचा. पाचांपैकी एकाचे काम असते चेंडू पुढे आणायचे, चौघांकडे नजर ठेवायची, आणि ज्याला मोकळी जागा मिळाली त्याच्या हाती नेमका चेंडू पोचवायचा. त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पंक्तीचा वाढपी. अमेरिकेत कॉलेजांच्या संघांतले असे वाढपी कोण थोर, यावर आपल्या एस्.टी. थांब्यावरच्यासारखेच वाद चालतात. पण त्यांच्याकडे एक सोय आहे. ज्याने दिलेल्या चेंडूवर दुसऱ्याने टोपली साधली, त्याच्या नावावर त्याची वेगळी नोंद होते. तिला असिस्ट म्हणतात. गोंझागा नावाच्या लहानशा विद्यापीठातून आलेल्या जॉन स्टॉक्टनच्या नावावर व्यावसायिक खेळात असे १५,८०६ असिस्ट आहेत. इतके दुसऱ्या कोणाचेही नाहीत. टोपल्या मोजल्या तर त्याच्या पुढे कितीतरी जण निघतील.

क्रिकेटच्या धावपुस्तकात हा रकाना नाही. असता, तर सरदेसाईंच्या २१२ धावांपुढे सोलकर आणि प्रसन्ना यांची नावे लिहावी लागली असती. आणि सरदेसाई त्या दिवशी किंग्स्टनला होते मुळी कोणामुळे, हा प्रश्न कोणी विचारला असता तर वाडेकरांचेही नाव लिहावे लागले असते. उलट बाजूही पाहा बरं का. सरदेसाईंच्या ६४२ धावा नसत्या तर वाडेकरांच्या धोरणीपणाची कहाणी आज कोणी सांगितली असती काय? फॉलोऑनचा नियम नुसता ठाऊक असून भागत नाही. १७० ची आघाडी आधी कोणीतरी मिळवून द्यावी लागते.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओव्हलवर २४ ऑगस्टला आपण जिंकलो, तेव्हाही दोघांचा वाटा सारखाच होता. वाडेकर ४८ आणि ४५, सरदेसाई ५४ आणि ४०. शतक कोणाचेच नाही. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी टिपले, सोलकरने नॉटचा झेल जमिनीलगत झेपावून घेतला, आणि १७३ धावांचे लक्ष्य आपण गाठले. अखेरच्या दिवशी वाडेकर सुरुवातीलाच धावचीत झाले, खोलीत आले आणि चक्क झोपी गेले! आपल्या माणसांवर किती भरवसा असावा, पाहा.

सरदेसाई डिसेंबर १९७२ मध्ये शेवटची कसोटी खेळले. वाडेकरांचे दिवस त्यानंतर दीड वर्षांत फिरले. १९७४ साली इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गेल्या, लॉर्ड्सवर संघ १७ षटकांत ४२ धावांत गारद झाला. विजयाचे स्मारक म्हणून इंदूरला उभारलेल्या काँक्रीटच्या बॅटीला लोकांनी काळे फासले. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळण्यात आले आणि त्यांनी खेळणे थांबवले. जिंकताना ज्याच्या नावावर काही लिहिले जात नाही, हरताना मात्र सगळे त्याच्याच नावावर लिहिले जाते, हा न्याय मला तरी पटत नाही.

मी क्रीडाशिक्षक नव्हे. पण आमच्या कॉलेजात संघनिवडीच्या बैठकीला मला बसवतात, कारण माझ्या तासाला मुले गप्प बसतात असा एक समज आहे! दर वर्षी जुलैत तोच पेच पडतो. जागा एक आणि मुले दोन. एकाच्या कागदावर धावा आहेत. दुसऱ्याच्या नाहीत, पण तो असला की बाकीचे दहा नीट खेळतात. तो मुरबाडकडून पहाटेच्या गाडीने येतो, किटबॅग सगळ्यांच्या आधी उघडतो, क्षेत्ररक्षण तोच लावतो. बैठकीत कागद जिंकतो. गेल्या खेपेला मी त्या दुसऱ्या मुलासाठी भांडलो. एका सहकाऱ्याने विचारले, "सर, पुरावा काय?" पुरावा दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते. निवड पहिल्याचीच झाली, आणि तो मुलगा त्यानंतर सरावाला आला नाही.

तर वाडेकर मोठे की सरदेसाई? ७५ धावांत ५ गडी बाद असतील तर मी सरदेसाईंना हाक मारीन, दुसऱ्या कोणाला नाही. १९६५ साली मुंबईला न्यूझीलंडविरुद्ध ८८ धावांत डाव आटोपून फॉलोऑन मिळाला, तेव्हा नाबाद २०० करणारे तेच. परंतु एकूण कारकिर्दीचा कौल मागाल तर तो मी वाडेकरांना देईन, अगदी थोड्या फरकाने. बोलावले नसते तर सरदेसाई १९७१ साली घरीच राहिले असते, हे माझे कारण. माझे निम्मे सहकारी हे मानत नाहीत. सरदेसाई २००७ साली गेले, वाडेकर २०१८ च्या १५ ऑगस्टला. त्या दोघांत हा वाद कधी झाला असेल असे वाटत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. तुमच्या शाळेचा सामना होईल तेव्हा एका मुलाला वही-पेन्सिल देऊन झाडाखाली बसवा. प्रत्येक गडी बाद होताना फळ्यावर किती धावा होत्या आणि खेळपट्टीवर कोण दोघे होते, एवढेच त्याने टिपायचे. सोमवारी गणिताच्या तासाला वर्गाकडून वजाबाक्या करून घ्या, म्हणजे प्रत्येक जोडीच्या धावा निघतील. पाच-सहा सामने झाले की कोणते नाव पुन्हा पुन्हा मोठ्या भागीदारीत येते, ते पाहा. ती वही जपून ठेवा, आणि मुलगा कॉलेजात जाईल तेव्हा त्याच्या दाखल्याबरोबर आमच्याकडे पाठवून द्या.