न्यायालयांतील बिनकागदी दप्तर

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एखाद्या वकिलाचा दिवस पूर्वीं कसा जात असे, याचें चित्र जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढें अजून आहे. सकाळीं पक्षकारांची बैठक, मग फितींनीं बांधलेले कागदांचे गठ्ठे घेऊन कारकुनाची जुन्या सीबीएसजवळील जिल्हा न्यायालयाकडे धांव, आणि उच्च न्यायालयांत काम असल्यास पंचवटी एक्स्प्रेसनें मुंबई. एक अर्ज दाखल करण्याकरितां सकाळीं कसारा घाट उतरावयाचा व संध्याकाळीं पुन्हां चढावयाचा, हा प्रकार कोणास विलक्षण वाटत नसे. आज त्याच रस्त्यावरील कचेरींत बसून दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र वा वकीलपत्र संगणकाच्या द्वारें न्यायालयाकडे पाठवितां येतें. यालाच ई-फायलिंग असें नांव पडलें आहे. या फेरबदलाचा विचार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें करणें अगत्याचें आहे. कारण वांटणीचा, भाड्याचा किंवा वारसाचा प्रश्न कोणत्याही घरीं उद्भवूं शकतो.

कायद्यानें या गोष्टीस मान्यता दिली ती टप्प्याटप्प्यानें. १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलांत आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें संगणकावरील लेखास व अंकीय सहीस कायदेशीर स्थान दिलें. सिंगापुरांत त्याच वर्षीं दिवाणी दाव्यांचे कागद संगणकाद्वारें दाखल करणें सक्तीचें झालें होतें. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत २००२ सालीं दुरुस्ती होऊन समन्स फॅक्सनें वा ई-मेलनें पाठविण्याची वाट मोकळी झाली, आणि २ ऑक्टोबर २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत ई-फायलिंग सुरू झालें. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं २०१८ सालीं एका प्रकरणांत व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेली असें मानलें. कारण ती पोहोंचल्याची व उघडून पाहिल्याची खूण पडद्यावर उमटली होती. बेलिफ दारीं दिसतांच ‘बाबा गांवाला गेले आहेत’ असें मुलांकडून वदविणाऱ्या ऋणकोंचा मार्ग तेथें खुंटला. पुढें साथीच्या दिवसांत, १० जुलै २०२० च्या आदेशानें, सर्वोच्च न्यायालयानेंही अशा साधनांनीं नोटीस बजावण्यास मुभा दिली.

कागदच नाहीं, तर सहीचा भरंवसा काय, ही शंका स्वाभाविक आहे. अंकीय सहीचें मर्म असें कीं, संगणक प्रथम संपूर्ण लेखाचें गणित करून त्याचा एक छोटा ठसा काढतो. सही करणाराची गुप्त किल्ली त्या ठशावर चालविली जाते, आणि तिच्या जोडीच्या उघड किल्लीनें कोणासही ती सही पडताळून पाहतां येते. लेखांतील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाहीं व लबाडी उघडकीस येते. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघां संशोधकांनीं अशी एक पद्धति शोधून काढली. उलटपक्षीं, कागद तरी कोठें निर्धोक होता? टपाल तिकिटें व मुद्रांक देशांतच छापले जावेत म्हणून नाशिक रोड येथें १९२५ सालीं इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. तरीही २००० नंतरच्या वर्षांत बनावट मुद्रांकांच्या प्रकरणानें सारा देश हादरला होता.

दुसरा लाभ माहितीचा. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा एक क्रमांक मिळतो. त्यास सीएनआर म्हणतात. त्यांतील पहिलीं दोन अक्षरें राज्याचीं, पुढील दोन जिल्ह्याचीं, नंतरचे दोन अंक न्यायालयाचे, सहा प्रकरणाचे व शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक जवळ असला म्हणजे पुढील तारीख घरबसल्या पाहतां येते. पूर्वीं एवढ्यासाठीं सुरगाण्याच्या मनुष्याचे एस.टी.चें भाडें व एका दिवसाची मजुरी खर्ची पडे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाहीं. समजा, पेठ तालुक्यांतील एका वृद्ध शेतकऱ्यावर वांटणीचा दावा झाला. घरांत मोबाईल आहे. पण तो नातवाच्या हातीं, आणि नातू दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेंत कामाला. समन्स पडद्यावर आलें, नातवानें न वाचतांच तें पुढें सरकविलें, आणि आजोबांस गंधवार्ताही नाहीं. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावी असा नियम आहे. न्यायालयाच्या परवानगीनें ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढूं शकते. ती टळली तर एकतर्फी निकालाचें संकट उभें राहतें, आणि वाडवडिलांची जमीन हातची जाते. बेलिफ आला म्हणजे निदान साऱ्या गल्लीस कळत असे. मोबाईलवरील समन्स शेजाऱ्यासही ऐकूं येत नाहीं.

ही अडचण निराळ्या रूपानें पूर्वींही होती. दस्तऐवज मोडींत लिहिले जात तेव्हां मोडी न जाणणारा मनुष्य अर्जनवीसाच्या ओटीवर बसे. पुढें इंग्रजी टंकलेखन आलें, तेव्हां तो टंकलेखकाकडे गेला. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनें, कांहीं अपवाद वगळतां, महाराष्ट्रांतील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली, आणि पक्षकारास आपलाच दावा आपल्या भाषेंत वाचतां येऊं लागला. आतां भाषा कळते, पण यंत्र कळत नाहीं. म्हणून न्यायालयांच्या आवारांत ई-सेवा केंद्रें उघडण्यांत आलीं आहेत. नागपूर येथें ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्तें ‘न्यायकौशल’ केंद्राचें उद्घाटन झालें. तेथून सर्वोच्च न्यायालयांतही प्रकरण दाखल करतां येतें. केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२३ मध्यें ई-न्यायालय योजनेच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटि रुपयांची मंजुरी दिली. यंत्रांइतकेंच तीं चालवून दाखविणाऱ्या माणसांकडेही लक्ष पुरविलें गेलें, तरच त्या रकमेचें चीज होईल.

सुशिक्षित कुटुंबांकडूनही थोडी अपेक्षा आहे. घरांत चालू असलेल्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक सर्वांस ठाऊक असावा. न्यायालयास कळविलेला मोबाईल क्रमांक बदलल्यास ती गोष्ट वकिलास तत्काळ सांगावी. आणि मूळ दस्तऐवज, त्याची प्रत संगणकांत आहे म्हणून, रद्दींत टाकूं नयेत, कारण पुराव्याच्या वेळीं न्यायालय तेच मागूं शकतें. शिवाय घरीं धुणेंभांडीं करणारी बाई किंवा दूध घालणारा मनुष्य मोबाईलवर आलेला एखादा न्यायालयीन कागद दाखवूं लागला, तर ‘मग पाहूं’ असें न म्हणतां तो त्याच क्षणीं वाचून त्याची मुदत सांगावी. त्या तीस दिवसांतील एक दिवस कदाचित् तेवढ्यानें वांचेल.