बंदी आहे, मग धूर कुठला?

सार्वजनिक जागी विडी-सिगारेट ओढायला बंदी हवी का, असं आमच्या बचत गटात बोलणं निघालं. अहो, बंदी कधीचीच आहे! कायदा २००३ चा, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम आणखी कडक झाले. एसटी स्टँड, दवाखाना, कचेरी, कुठेही ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड. तरी लेकराला मांडीवर घेऊन स्टँडच्या बाकावर बसलं की शेजारून धूर येतोच. "दादा, बाहेर जाऊन ओढा" म्हटलं, तर "तुम्हीच सरका बाई" ऐकायचं.

एकजण म्हणाली, आपण मिश्री लावणाऱ्या, कुणाला काय सांगणार? मिश्री वाईटच, तिच्यावरही बोलू एकदा. पण ती आपल्या तोंडात राहते, विडीचा धूर दुसऱ्याच्या लेकराच्या छातीत जातो.

आणि दरवेळी बाईनंच का भांडायचं? फलक लावणं, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहिणं, हे त्या जागेच्या प्रमुखाचं काम. तक्रार येऊनही तो गप्प बसला, तर जितके ओढणारे तितके दंड त्याला. म्हणून आम्ही आता ओढणाऱ्याशी हुज्जत घालत नाही. दोघी-तिघी मिळून चौकशीच्या खिडकीवर जातो आणि विचारतो, "साहेब, फलकावर नाव कुणाचं आहे?"